दरडीची वाट संगणकाला कळते, मग वस्तीला का कळत नाही?

३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यातील माळीण हे आदिवासी गाव डोंगराखाली गाडले गेले. १५१ माणसे मेली. गाव जागेवर नाही ही पहिली खबर सकाळी आलेल्या एस.टी.च्या चालकाने दिली, शासनाच्या कोणत्याही यंत्रणेने नव्हे! २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये गेले, ऐंशीहून अधिक बळी. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील ठाकर आदिवासींची इर्शाळवाडी गेली. तेथे २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसे ढिगाऱ्यातच राहिली आणि चार दिवसांनी शोध थांबवण्यात आला. आणि ३० जुलै २०२४ च्या मध्यरात्रीनंतर केरळच्या वायनाड जिल्ह्यात पुंचिरिमट्टम, मुंडक्कै, चूरलमला या वस्त्यांवरून दगड-चिखलाचा लोंढा गेला. अडीचशेहून अधिक माणसे गेली. माळीणला त्याच दिवशी बरोबर दहा वर्षे पूर्ण होत होती.

प्रत्येक वेळी मंत्री येतात, मदतीचा आकडा जाहीर होतो आणि एक वाक्य ठरलेले असते, 'निसर्गापुढे कोणाचे काय चालणार?' हे वाक्य दिसते तितके साधे नाही. कायद्याच्या भाषेत त्याला वजन आहे. 'दैवी आपत्ती' हा नुकसानभरपाईच्या दाव्यातला जुना बचाव आहे. जी घटना मानवी प्रयत्नांनी आधी ओळखता येत नव्हती आणि टाळताही येत नव्हती, तिच्याबद्दल कोणाला जबाबदार धरता येत नाही, असा त्याचा आशय. म्हणजे 'निसर्गाचा कोप' म्हणणारा मंत्री दुःख व्यक्त करता करता आपल्या शासनाचा कोर्टातला बचावही नोंदवून जातो. म्हणूनच दरड आधी ओळखता येते की नाही, ती कोसळली तर कुठवर जाईल याचा हिशोब करता येतो की नाही, हा प्रश्न केवळ भूगर्भशास्त्रज्ञांचा राहत नाही. तो आपला, म्हणजे दरडीखाली राहणाऱ्यांचा आणि त्यांची बाजू मांडणाऱ्यांचा प्रश्न होतो.

वास्तविक पाहता हा हिशोब आज जगभर केला जातो आणि तो संगणकावर केला जातो. त्याला सिम्युलेशन म्हणतात. आपल्या कार्यकर्त्यांनी हा शब्द ऐकून घाबरण्याचे कारण नाही. त्यातले मूळ तत्त्व सातवी-आठवीच्या विज्ञानाएवढे आहे. डोंगराचा उंच-सखल नकाशा चौकोनी तुकड्यांत संगणकात भरायचा, प्रत्येक चौकोनाची उंची ठाऊक असते. वरच्या उतारावर कोणता भाग सुटेल आणि तो किती खोल असेल हे ठरवायचे. मग गुरुत्वाकर्षण त्या मातीला खाली ओढणार आणि घर्षण तिला अडवणार. या दोन ताकदींची बेरीज-वजाबाकी संगणक क्षणाक्षणाला, चौकोनाचौकोनाला करीत जातो. शेवटी पडद्यावर दिसते की लोंढा कोणत्या नाल्यात शिरला, किती उंच झाला, कोणत्या वेगाने गेला आणि कुठे थांबला. स्वित्झर्लंडमध्ये यासाठी 'रॅम्स' नावाची प्रणाली तयार झाली. तिच्या मुळाशी अ‍ॅडॉल्फ व्होल्मी या स्विस अभियंत्याने १९५५ साली बर्फाच्या कड्यांसाठी मांडलेले सूत्र आहे. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याने ओरेगॉनच्या जंगलात ९५ मीटर लांबीचा सिमेंटचा उतरता पाट बांधला, त्यातून खऱ्या दगड-चिखलाचे लोंढे सोडून मोजमापे घेतली आणि त्या अभ्यासातून स्वतःची गणिते उभी केली. यांतल्या काही प्रणाली फुकट मिळतात आणि छोट्या दरीचा हिशोब साध्या संगणकावरही होतो. तेव्हा पैसा नव्हता म्हणून केले नाही, ही सबब येथे चालणारी नाही.

मात्र येथे थोडे थांबून आत शिरले पाहिजे, कारण खरी गोम आतच आहे. संगणक जे सांगतो ते त्याला दिलेल्या आकड्यांवर अवलंबून असते. व्होल्मीच्या सूत्रात मुख्यतः दोन आकडे भरावे लागतात, एक कोरड्या घर्षणाचा आणि एक वेगाबरोबर वाढणाऱ्या अडथळ्याचा. पहिल्याचेच उदाहरण घेऊ. घर्षणाचा हा आकडा ०.२ धरला, तर साधारण अकरा अंशांपेक्षा सपाट उतारावर आल्यावर लोंढ्याचा वेग मोडू लागतो. तोच ०.१ धरला तर जवळपास सहा अंशांच्या उतारापर्यंत तो जोर टिकवून राहतो. कोकणातल्या एखाद्या डोंगराच्या पायथ्याशी अकरा अंश आणि सहा अंश यांच्यामध्ये काय असते? तिथेच तर वाडी असते, शाळा असते, विहीर असते! म्हणजे ऑफिसात बसलेल्या माणसाने दशांश चिन्हानंतरचा एक आकडा बदलला की अख्खी वाडी 'सुरक्षित' होते किंवा 'धोक्यात' येते. हा आकडा मनाने ठरवायचा नसतो. त्याच भागात पूर्वी कोसळलेली दरड घ्यायची, ती प्रत्यक्षात कुठवर गेली ते मोजायचे आणि संगणकातली दरड तिथेच थांबेपर्यंत आकडे जुळवायचे. त्यानंतरच ते शेजारच्या दरीला लावायचे. अर्थात त्यासाठी जुन्या दरडींची नीट मोजणी झालेली हवी. आपल्याकडे ढिगारा उपसून, रस्ता मोकळा करून मोकळे होतात.

दुसरी गोष्ट नकाशाच्या चौकोनांची. उपग्रहावरून घेतलेले आणि सहज मिळणारे उंचीचे नकाशे बहुधा तीस मीटरच्या चौकोनाचे असतात. ज्या नाल्याने लोंढा येणार तो दहा मीटर रुंदीचा असेल तर अशा नकाशात तो नालाच नाहीसा होतो. संगणकातले पाणी आणि चिखल मग पसरट पदरावरून भलतीकडेच जातात. विमानातून किंवा ड्रोनवरून लेझरने मोजणी केली तर एका मीटरचा चौकोन मिळतो. ती मोजणी महामार्गासाठी होते, वाडीसाठी होत नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत अवघड. लोंढा वरून निघतो तेवढाच खाली येत नाही. वाटेत तो नाल्याचा तळ खरवडतो, काठ ओरबाडतो, झाडे आणि शिळा उचलतो आणि फुगत जातो. वायनाडला हेच झाले. इस्रोच्या हैदराबाद येथील केंद्राने प्रसिद्ध केलेल्या माहितीनुसार सुमारे १५५० मीटर उंचीवर ८६,००० चौरस मीटरचा भाग सुटला आणि चिखल-दगडांचा प्रवाह जवळपास आठ किलोमीटर गेला. त्याच जागी पूर्वीच्या घसरणीची खूण उपग्रहाच्या जुन्या चित्रात दिसत होती, हेही त्याच संस्थेने सांगितले. म्हणजे चूरलमला येथे झोपलेला माणूस कोणत्याही धोकादायक उतारावर झोपलेला नव्हता. त्याच्या घरापासून मैलोगणती दूर, त्याने कधी पाहिलाही नसेल अशा कड्यावरून त्याचे मरण निघाले होते.

येथेच आपल्या सरकारी नकाशांचा मूळ दोष उघडा पडतो. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने २०१४ नंतर देशभरातल्या डोंगराळ प्रदेशाचा दरडप्रवणतेचा नकाशा तयार केला. काम मोठे आहे, ते नाकारण्याचे कारण नाही. पण हा नकाशा १:५०,००० या प्रमाणावर आहे. याचा अर्थ जमिनीवरचे शंभर मीटर कागदावर दोन मिलिमीटर. इर्शाळवाडीत पन्नासच्या आत घरे होती. एवढी वाडी त्या नकाशावर पेन्सिलीच्या टिंबाखाली झाकली जाईल. शिवाय हा नकाशा दरड कुठे सुटू शकते हे सांगतो, सुटल्यावर ती कुठे पोचेल हे सांगत नाही. धोक्याचा अर्धा भागच त्यात आहे. आणि गावांच्या याद्या करणाऱ्यांचेही लक्ष गावाशेजारच्या उतारावर असते, वरून येणाऱ्या वाटेवर नसते. रायगड जिल्ह्यात दरडप्रवण म्हणून शंभरावर गावांची यादी आहे. इर्शाळवाडी त्या यादीत नव्हती, असे दुर्घटनेनंतर सरकारनेच विधिमंडळात सांगितले. ते सांगताना सूर असा होता, जणू यादीत नसणे हा वाडीचाच गुन्हा! यादी कोणी केली, कोणत्या नकाशावरून केली, इर्शाळगडाच्या कड्याखालचा हिशोब कोणी केला होता काय, हे प्रश्न सभागृहात लावून धरले गेले नाहीत.

१९ जुलै २०२४ रोजी कोलकात्यात राष्ट्रीय दरड पूर्वानुमान केंद्राचे उद्घाटन झाले. अकराव्या दिवशी वायनाड घडले. त्याआधी, २०२३ साली, इस्रोने प्रसिद्ध केलेल्या दरडींच्या अ‍ॅटलासमध्ये १४७ जिल्ह्यांच्या क्रमवारीत वायनाड तेरावे होते. २०११ साली माधव गाडगीळ समितीने वायनाडमधील वैथिरी तालुका सर्वाधिक संवेदनशील गटात टाकला होता. २०१९ च्या ऑगस्टमध्ये जवळच्याच पुत्तुमला येथे दरड कोसळून सतरा माणसे गेली होती. आणि दुर्घटनेच्या आदल्या दिवशी कल्पेट्टा येथील ह्यूम सेंटर या छोट्या संस्थेने आपल्या पर्जन्यमापकांवरचे आकडे पाहून प्रशासनाला सावध केले होते. इतके सारे कागदावर असताना त्या रात्री मुंडक्कैतील माणसे आपल्या घरात झोपलेली होती. ज्ञान कमी पडले असे कोणी म्हणू नये. ज्ञान आणि वस्ती यांच्यामध्ये कोणीतरी उभे आहे, त्याचे नाव घेतले पाहिजे.

दरड जात पाहून कोसळत नाही, हे खरे. पण दरडीच्या वाटेवर कोणी राहायचे हे जात, वर्ग आणि जमिनीची मालकी ठरवते. ६ ऑगस्ट २०२० च्या रात्री केरळच्या इडुक्की जिल्ह्यातील पेट्टिमुडी येथे चहामळ्यातील मजुरांच्या चाळी लोंढ्याखाली गेल्या. सत्तर माणसे मेली. ती बहुतेक तमिळ मजुरांची कुटुंबे, त्यांत दलित मोठ्या संख्येने. त्यांचे पूर्वज ब्रिटिश काळात तमिळ प्रदेशातून आणले गेले होते. पिढ्यान् पिढ्या पाने खुडूनही त्यांच्या नावावर जमीन नाही. मळ्यातल्या चाळी कुठे बांधायच्या हे मळेवाल्याने ठरवले. चहा लावण्याजोगा उतार चहासाठी, उरलेली घळीजवळची, ओढ्याकाठची जागा माणसांसाठी. मजुराला त्यात मत नव्हते आणि निवृत्त झाल्यावर खोली खाली करावी लागते म्हणून त्याला दुसरीकडे घर बांधण्याची ऐपतही नव्हती. मुंडक्कै-चूरलमला भागातही मळ्यांच्या पाड्या होत्याच.

आपल्याकडे काय वेगळे आहे? गावकुसाबाहेरची वस्ती बहुधा ओढ्याच्या, नाल्याच्या अंगाला असते, हे आपल्यापैकी कोणाला सांगायला नको. मुंबईत घाटकोपर, साकीनाका, विक्रोळी, चेंबूर येथील टेकड्यांच्या उतारावर कोण राहते? २००० साली घाटकोपरला, २००५ साली साकीनाक्याला, २०२१ च्या जुलैत चेंबूर-विक्रोळीला जी माणसे मेली ती गावातून जातीने आणि दुष्काळाने हुसकलेलीच होती. आणि महाड! २५-२६ जुलै २००५ च्या पावसात महाड तालुक्यात दासगाव, जुई, कोंडिवते, रोहन येथे दरडी कोसळल्या. हे दासगाव तेच, जेथे १९२७ च्या डिसेंबरात बाबासाहेब बोटीने उतरले आणि महाडकडे निघाले. आपल्या इतिहासात त्या बंदराचे नाव आहे. २००५ च्या दरडीत त्या परिसरात किती माणसे गेली आणि उरलेल्यांचे पुनर्वसन कसे रखडले, याची नोंद आपल्या व्यासपीठांवर अभावानेच होते. हे मी चळवळीला दूषण देण्यासाठी लिहीत नाही. आरक्षण, अत्याचार, स्मारके या लढायांत आपली शक्ती जाते. पण डोंगरपायथ्याची जमीन हाही आपलाच विषय आहे.

आता दुसरी बाजू पाहू. स्वित्झर्लंडमध्ये धोक्याचे नकाशे लाल, निळ्या, पिवळ्या रंगांत असतात आणि ते जमीनवापराच्या नियमांशी जोडलेले असतात. लाल पट्ट्यात नवे घर बांधता येत नाही. २०२३ च्या मे महिन्यात ब्रिएन्झ हे शंभराच्या आत लोकसंख्येचे गाव रिकामे केले गेले. जूनमध्ये दरड आली आणि गावाच्या अगदी वेशीवर थांबली. २०२५ च्या मे महिन्यात ब्लाटेन गावातील सुमारे तीनशे माणसे गुराढोरांसह हलवली गेली. नऊ दिवसांनी हिमनदी आणि डोंगर मिळून गावावर कोसळले, गावाचा बहुतेक भाग गाडला गेला, एक माणूस दगावला. एक! तेथे गणित होते, डोंगरावर मोजमापाची यंत्रे होती आणि मुख्य म्हणजे गणिताने सांगितल्यावर हलणारे प्रशासन होते. श्रीमंत देश आहे, मान्य. परंतु तीनशे माणसांना नऊ दिवस आधी हलवायला सोन्याच्या खाणी लागत नाहीत.

इटलीचे उदाहरण आम्हा वकिलांना अधिक जवळचे. ५ मे १९९८ रोजी सार्नो आणि आसपासच्या गावांवर ज्वालामुखीच्या राखेच्या मातीचे लोंढे आले आणि सुमारे १६० माणसे गेली. त्यानंतर देशभर धोक्याच्या पट्ट्यांची आखणी सक्तीची करणारा कायदा झाला. आणि लोकांना वेळेवर न हलवल्याबद्दल सार्नोच्या तत्कालीन महापौरावर खटला चालला. तो आधी सुटला, प्रकरण वरच्या न्यायालयात गेले आणि पंधरा वर्षांनी त्याची शिक्षा कायम झाली. आपल्याकडे माळीण, तळिये, इर्शाळवाडीबद्दल किती अधिकाऱ्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहावे लागले?

अमेरिकेतील ऑसो येथे २२ मार्च २०१४ रोजी दरडीने नदी ओलांडून वस्ती गाडली, ४३ माणसे मेली. त्याच उतारावर २००६ साली दरड सरकली होती, पण ती थोडक्यात थांबली होती. नंतरही तेथे घरे बांधू दिली गेली. १९९९ च्या एका अहवालात मोठ्या दरडीची शक्यता लिहिलेली होती. दुर्घटनेनंतर शास्त्रज्ञांनी संगणकावर तीच दरड पुन्हा चालवून पाहिली, तेव्हा विलक्षण गोष्ट दिसली. मातीतल्या पोकळ्यांचे सुरुवातीचे प्रमाण किंचित बदलले तर तीच दरड थोडी सरकून थांबते, आणि किंचित दुसरीकडे झुकले तर एक किलोमीटरहून अधिक धावते. म्हणजे प्रामाणिक शास्त्रज्ञ एक रेघ ओढून 'इथपर्यंत धोका, पुढे नाही' असे सांगत नाही. तो शक्यतांचा पट्टा सांगतो. मृतांच्या नातेवाइकांनी खटला भरला. त्यात राज्याच्या तज्ज्ञांनी आपसातले ई-मेल पुसून टाकल्याचे उघड झाले आणि न्यायाधीशांनी राज्याला दंड ठोठावला. अखेर २०१६ साली राज्याने पाच कोटी डॉलरवर तडजोड केली. शास्त्राची अनिश्चितता ही शासनाच्या सुटकेची पळवाट ठरली नाही.

आपल्याकडेही कायदा अगदीच आंधळा नाही. धरणातून सोडलेल्या पाण्याने झालेल्या नुकसानीबाबत व्होरा सादिकभाई प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली 'दैवी आपत्ती'चा बचाव मान्य केला नाही. २०२४ साली रणजितसिंह प्रकरणात हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम १४ आणि २१ मध्ये आहे असे त्याच न्यायालयाने म्हटले. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ च्या कलम ३० नुसार जिल्ह्यातील धोक्याची क्षेत्रे ओळखणे आणि प्रतिबंधाचे उपाय होतील हे पाहणे ही जिल्हा प्राधिकरणाची, म्हणजे व्यवहारात जिल्हाधिकाऱ्याची जबाबदारी आहे. कलम ५६ नुसार कर्तव्य टाळणाऱ्या अधिकाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. पण लगेच पुढे कलम ५९ आहे, खटल्यासाठी सरकारचीच परवानगी हवी. आणि कलम ७३ आहे, सद्हेतूने केलेल्या कामाला संरक्षण. एका हाताने द्यायचे आणि दुसऱ्या हाताने काढून घ्यायचे, ही आपल्या कायदे करणाऱ्यांची जुनी खोड. तिचा ताजा नमुनाही पाहा. याच कायद्यात कलम १३ होते, मोठ्या आपत्तीतील पीडितांना कर्जफेडीत सवलत देण्याची शिफारस करता येईल असे सांगणारे. २०२५ च्या दुरुस्तीने ते कलमच वगळले. आणि वायनाडच्या दरडग्रस्तांच्या कर्जमाफीचा प्रश्न केरळ उच्च न्यायालयात आला तेव्हा केंद्र सरकारने, आता तसे कलमच उरले नाही, असे तेथे सांगितले. ज्याचे घर, शेत, माणसे लोंढ्यात गेली त्याच्या घराचा हप्ता मात्र वाहून जात नाही!

एक धोका मला येथे मुद्दाम नोंदवायचा आहे, कारण उत्साहाच्या भरात तो विसरला जातो. संगणकाचा नकाशा गरिबाला वाचवू शकतो तसा त्याला उठवूही शकतो. दर मे-जूनमध्ये टेकडीवरच्या झोपडपट्टीत नोटिसा लागतात, 'आपली झोपडी धोकादायक आहे, स्थलांतर करावे, अन्यथा होणाऱ्या हानीस आपण स्वतः जबाबदार राहाल.' अशा नोटिसा मी वकिलीत पुष्कळ वाचल्या आहेत. कुठे जायचे याचा त्यात एक शब्द नसतो. ती नोटीस माणसाला वाचवण्यासाठी नसते, माणूस मेल्यावर फाइलीला जोडण्यासाठी असते. उद्या हेच काम रंगीत नकाशा करील. लाल पट्टा झोपडीवर पडेल आणि शेजारच्या टेकडीवर रिसॉर्टला परवानगी मिळेल. २०२५ साली वायनाडमधील मेप्पाडीकडे जाणाऱ्या जोडबोगद्याच्या रस्त्याला केंद्राची पर्यावरण मंजुरी मिळाली, हे विसरू नये. तेव्हा लाल पट्टा दाखवणाऱ्याने त्याच कागदावर पर्यायी जागा दाखवली पाहिजे, ही आपली अट असली पाहिजे. आदिवासी वाडी हलवायची तर वनहक्क कायदा, २००६ नुसार मिळालेले हक्क नव्या जागी शाबूत राहिले पाहिजेत. आणि नव्या जागेचाही हिशोब झाला पाहिजे. माळीणचे पुनर्वसन आमडे येथे झाले, २०१७ च्या एप्रिलमध्ये थाटात उद्घाटन झाले, आणि त्याच वर्षीच्या पहिल्या जोरदार पावसात नव्या गावठाणातली जमीन खचली, भेगा पडल्या. एकदा गाडल्या गेलेल्या माणसांना दुसऱ्यांदा भीती दाखवणारे हे पुनर्वसन!

मग नकाशा आपल्याला नको का? हवाच आहे. पण तो साक्षीदार म्हणून हवा, न्यायाधीश म्हणून नको. पुराव्याच्या कायद्यात, जुन्या कलम ४५ मध्ये आणि आता भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ३९ मध्ये, तज्ज्ञाचे मत हा पुरावा आहे. तज्ज्ञ म्हणाला म्हणजे संपले असे नाही, त्याची उलटतपासणी होते. संगणकाचीही झाली पाहिजे. नकाशाचा चौकोन किती मीटरचा होता? वरून किती घनमीटर माती सुटेल असे धरले? घर्षणाचा आकडा कोणत्या जुन्या दरडीवरून जुळवला? वाटेत खरवडली जाणारी माती हिशोबात घेतली की नाही? एकदाच चालवून पाहिले की वेगवेगळे आकडे घालून पट्टा काढला? कोणत्या पावसाला वाडी सोडायची हे ठरवले काय? आणि हे सर्व वाडीतल्या माणसांना त्यांच्या भाषेत, ग्रामसभेत सांगितले काय? या प्रश्नांसाठी भूगर्भशास्त्राची पदवी लागत नाही. वाडीतल्या म्हाताऱ्या माणसाला विचारले तर तो सांगतो की अमुक घळीत पूर्वी दगड आले होते, अमुक झऱ्याचे पाणी यंदा गढूळ येते आहे. ती माहितीही हिशोबात घातली पाहिजे, पण आजवर तिला कोणी पुरावा मानले नाही.

माहिती अधिकार कायदा, २००५ च्या कलम ७ मध्ये एक तरतूद आहे, जिचा आपण फार कमी उपयोग करतो. मागितलेली माहिती व्यक्तीच्या जीविताशी संबंधित असेल तर तीस दिवसांत नव्हे, ४८ तासांत द्यावी लागते. दहा रुपयांचा अर्ज, दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तोही खर्च नाही. कोकणात, सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना, मुंबईच्या टेकड्यांवर आपल्या शाखा आहेत, वकील आहेत, इंजिनिअर झालेली आपली मुले आहेत. पावसाळ्याच्या आत प्रत्येक डोंगरपायथ्याच्या वस्तीच्या नावाने जिल्हाधिकारी कार्यालयात असा एक अर्ज गेला पाहिजे, की आमच्या वस्तीवर दरडीचा लोंढा कुठवर येईल याचा हिशोब झाला आहे काय, झाला असल्यास त्याची प्रत द्या, झाला नसल्यास तसे लेखी द्या. दोन्हीपैकी कोणतेही उत्तर आले तरी ते जपून ठेवा, तारखेसह, पोचपावतीसह. 'आम्हाला आधी माहीत नव्हते' असे म्हणण्याची सोय त्या कागदानंतर त्या कार्यालयाला राहणार नाही.